डोळ्यांसाठी डाय टोचण्याआधी

बाळा, अँजिओग्राफी म्हटल्यावर तुझ्या छातीत धस्स झालं, पण ही हृदयाची नव्हे. हाताच्या शिरेत फ्लुरोसीनची डाय टोचतात आणि ती डोळ्याच्या पडद्यातून जाताना भराभर फोटो काढतात. साखरेने कुठली रक्तवाहिनी गळतेय ते त्यात कळतं. रियाधच्या किंग खालिद नेत्र रुग्णालयात जा नाहीतर जुबैलला खासगीत कर, डाय तीच. डाय न टोचता ओसीटी अँजिओग्राफीवर भागेल का, एवढं आधी विचार. मात्र गळती तिच्यात दिसत नाही.

उपाशी जाऊ नकोस, हलकं खा. रोजे चालू असतील तर तारीख पुढे ढकलता येईल का बघ. गोळ्यांची पाकिटंच सोबत ने. डायची रिअॅक्शन आलीच तर ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांमुळे त्यावरचं इंजेक्शन नीट लागू पडत नाही. कोळंबीने तुझ्या अंगावर पित्त उठतं, तेही सांग. या पिवळ्या डायमध्ये आयोडीन नसतं, हिरव्या आयसीजी डायमध्ये असतं. पण कशाचं काय ते डॉक्टर ठरवतील, आपण लपवायचं नाही.

डाय गेली की मिनिटभरात पोटात ढवळून येऊ शकतं. हनुवटी स्टँडवरच ठेव, तोंडाने सावकाश श्वास घे. दोन-तीन मिनिटांत ओसरतं. सुईपाशी आग झाली तर मात्र त्याच क्षणी बोल. डाय शिरेबाहेर गेली की कातडी दुखावते. फोटो बिघडेल म्हणून सोसत बसायचं नाही, फोटो पुन्हा निघतात.

मग तू पिवळा दिसशील. कॅम्पातले रूममेट कावीळ म्हणतील, म्हणू देत. रंग काही तासांत उतरतो, लघवी दीड दिवस भडक पिवळी राहते. पाणी पीत राहा. डॉक्टरांनी मोजून पाणी सांगितलं असेल तर तेवढंच. कंपनीची रक्त-लघवी तपासणी त्याच आठवड्यात असली तर तिथे डायचं सांग, आकडे चुकू शकतात.

भ्यायचं ते वेगळ्याच गोष्टीला: अंगभर खाज, गांधी, ओठ सुजणं, घसा आवळणं, डोळ्यांपुढे अंधारी. क्वचितच होतं, पण झालं तर मिनिटांचा खेळ असतो. म्हणून अर्धा तास तिथेच बस. अरबी सुचलं नाही तर 'हसासिया' एवढं बोललास तरी नर्स धावेल. खोलीवर परतल्यावर झालं तर ९९७ लाव, सुपरवायझरला नंतर कळव.

बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, तिथल्या उन्हात डोळे उघडणार नाहीत. काळा चष्मा ने आणि गाडी दुसऱ्या कुणाला चालवू दे.