पोच घेतल्याशिवाय कागद देऊ नका

शाळा सुरू झाली की पहिल्या आठवड्यात डायरी घरी येते. सुरुवातीच्या पानांवर नियम छापलेले असतात, शेवटी पालकांच्या सहीची रेघ असते, आणि बहुतेक घरांत ती सही सकाळच्या घाईत, ओट्याशी उभ्या उभ्या होते. वह्यांना कव्हरं घालायची असतात, गणवेश आखूड झालेला असतो, रिक्षावाल्या काकांची वेळ ठरायची असते. त्या नियमांतले बरेचसे वर्षभर कुणी विचारतही नाही. पण एखादा जानेवारीत असा समोर येतो की घराची झोप उडते. आमच्या घरी तो हजेरीचा नियम होता आणि लेकीचं वर्ष दहावीचं होतं. इतर कुणाच्या घरी ही वेळ येऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आम्ही नाशिक जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी राहतो. त्या वर्षी ऑगस्टमध्ये लेकीला कावीळ झाली. पावसाळ्यात पाणी गढूळ झालं की आमच्याकडे हा आजार डोकं वर काढतोच. आधी साधा ताप समजून औषध घेतलं, मग डोळे पिवळे दिसायला लागले, रक्त तपासलं. डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली. बिनतेलाचं जेवण, उकळून गार केलेलं पाणी, आणि दिवसभर पडून राहणं. गणपती आले नि गेले, ती अंथरुणातच. जवळजवळ दीड महिना शाळा बुडाली. नंतरही अशक्तपणामुळे मधूनमधून दांड्या झाल्या.

रजेचा अर्ज आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र मी स्वतः शाळेत नेऊन वर्गशिक्षिकांच्या हातात दिलं होतं. बाई मायाळू होत्या. "अभ्यासाचं नंतर बघू, आधी तब्येत," म्हणाल्या. अर्जाची घडी करून त्यांनी ती कॅटलॉगात ठेवली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. दिवाळीनंतर त्या बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, वर्ग दुसऱ्या सरांकडे आला, आणि त्या हस्तांतरात सुटे कागद कुठे गेले ते शेवटपर्यंत कुणाला सांगता आलं नाही. कॅटलॉगात मात्र त्या सगळ्या दिवसांपुढे गैरहजेरीची खूण जशीच्या तशी होती.

जानेवारीत पूर्वपरीक्षा चालू असताना शाळेच्या ऑफिसातून फोन आला. मी गेले. भाऊसाहेबांनी कॅटलॉग उघडून माझ्यासमोर ठेवला. "ताई, पंचाहत्तर टक्के भरत नाहीत. पहिल्या सत्रात तर फारच कमी आहेत."

"आजारी होती ती. प्रमाणपत्र दिलंय मी."

"दिलं असेल. पण आमच्या आवकेला नोंद नाही. नसेल जमत तर पुढच्या वर्षी सतरा नंबर भरा."

ज्यांना ही भाषा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. नियमित विद्यार्थी म्हणून दहावीच्या परीक्षेला बसायचं तर ७५ टक्के उपस्थिती लागते. सतरा नंबर म्हणजे खासगीरीत्या परीक्षेला बसणाऱ्यांचा अर्ज. शाळा सुटलेल्यांसाठी, कामधंदा सांभाळून शिकणाऱ्यांसाठी, लग्नानंतर पुन्हा पुस्तक हातात घेणाऱ्या बायकांसाठी ती फार मोलाची सोय आहे. पण त्याची नोंदणी परीक्षेच्या कितीतरी महिने आधी संपते. जानेवारीत एखाद्या मुलीला सतरा नंबर सांगणं म्हणजे तिचं वर्ष गेलं असं सांगणं.

त्यातून सुटका झाली ती जुन्या कागदांमुळे. डॉक्टरांकडे केसपेपर होता. लॅबमध्ये रक्ताच्या अहवालांच्या तारखा सापडल्या, औषधाच्या दुकानाची बिलं यांनी फाईलला लावून ठेवलेली होती. त्या आधारावर डॉक्टरांनी पुन्हा प्रमाणपत्र दिलं. मी मुख्याध्यापकांच्या नावे नवा अर्ज लिहिला, दोन प्रती केल्या, एक ऑफिसात दिली आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊनच उठले. मुख्याध्यापकांनी मनापासून साथ दिली. हजेरीतली तूट माफ व्हावी अशी शिफारस त्यांनी नाशिकच्या विभागीय मंडळाकडे पाठवली आणि ती मान्य झाली. लेकीचं हॉलतिकीट आलं, ती परीक्षेला बसली, पास झाली.

पण त्या दिवसांत घरात जे चाललं होतं ते मला विसरता येत नाही. ऑफिसातून फोन यायच्या कितीतरी आधीपासून ती गप्प गप्प असायची. आम्हाला वाटलं, दहावीचं दडपण. नंतर कळलं की नवे सर हजेरी घेताना तिला वर्गात उभं करून "प्रमाणपत्र कधी आणतेस?" असं विचारायचे. आईने ते दिलेलं आहे हे तिला माहीत होतं, पण सर्वांसमोर ते ठामपणे सांगायचं धाडस तिला झालं नाही. घरी सांगितलं तर आई शाळेत येईल, मग सर आणखी चिडतील, या भीतीने तिने आम्हालाही सांगितलं नाही. पंधरा वर्षांची मुलगी दोन महिने हे ओझं एकटीच वाहत होती. सरांच्या मनात वाईट काही नव्हतं, त्यांना फक्त वहीतली रिकामी जागा भरायची होती. तरीही ते तिच्या मनाला लागलं ते लागलंच.

म्हणून जूनमध्ये डायरी आली की ती मुलाला शेजारी बसवून वाचा. नियम पाळायचे असतात मुलांनी आणि सही असते आपली, त्यामुळे दोघांनी मिळून वाचल्याशिवाय त्या पानाला अर्थ नाही. उशीर झाला तर गेट किती वाजता बंद होतं, मोबाईल सापडला तर तो कुणाकडे जमा होतो आणि कुणाला परत मिळतो, आजारी पडलं तर अर्ज किती दिवसांत द्यायचा, डॉक्टरांचं प्रमाणपत्र केव्हापासून लागतं. जे डायरीत नाही आणि नुसतं वर्गात सांगितलं गेलंय, तेही मुलाला विचारून डायरीच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवा. आणि मुलाला एक गोष्ट स्पष्ट सांगा: शाळेने एखादा कागद दुसऱ्यांदा मागितला तर त्याच संध्याकाळी घरी सांगायचं. त्यावरून कुणी रागावणार नाही, हा शब्द आधी द्या आणि मग पाळा.

कागदाच्या बाबतीत मी आता फार काटेकोर झाले आहे. प्रत्येक शाळेच्या ऑफिसात आवक-जावक नोंदवही असते. आपला अर्ज त्या वहीत चढला तरच तो शाळेला मिळाला, असं धरून चाला. वर्गशिक्षक कितीही चांगले असले तरी त्यांची बदली होते, ते रजेवर जातात, त्यांच्याकडे साठ-सत्तर मुलं असतात. अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे, वर्गशिक्षकांमार्फत लिहा. दोन प्रती करा, आपल्या प्रतीवर पोच घ्या, आणि मूळ वैद्यकीय कागद देण्याआधी त्यांची झेरॉक्स काढून ठेवा. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर 'आज ताप आहे, येणार नाही' असं टाकलं आणि बाईंनी अंगठा दाखवला, की आपल्याला कळवल्याचं समाधान मिळतं. वर्षअखेरीला तो निरोप कुणी उघडून बघत नाही.

आजारपणात हजेरीइतकंच दुसरंही काही बुडतं, त्याकडे आमचं लक्ष लेकीच्या मैत्रिणीच्या आईने वेधलं. दहावीला लेखी परीक्षेच्या जोडीला तोंडी, प्रात्यक्षिक आणि अंतर्गत मूल्यमापनाचे गुण असतात, आणि ते शाळेच्या हातात असतात. आमच्या लेकीच्या विज्ञानाच्या प्रयोगवहीत पहिल्या सत्राच्या सह्याच नव्हत्या. विज्ञानाच्या मॅडमनी शाळा सुटल्यावर तिला थांबवून राहिलेले प्रयोग करून घेतले, त्यांचे आमच्यावर उपकार आहेत. पण असे राहिलेले प्रयोग, तोंडी, गृहपाठ कधी आणि कसे भरून काढायचे, हे मूल बरं होऊन शाळेत जायला लागलं त्याच आठवड्यात विचारायला हवं.

शिस्तीच्या नावाखाली काय चालणार नाही, तेही पालकांना माहीत असावं. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी घातली आहे. वय वर्षं सहा ते चौदासाठीचा हा कायदा आहे, पण कुठलीच जाणती शाळा नववी-दहावीच्या मुलांना मात्र मारायला हरकत नाही असं म्हणणार नाही. उशिरा आलेल्या मुलाला तासभर उन्हात उभं करणं, फी राहिली म्हणून वर्गाबाहेर बसवणं, सगळ्यांसमोर टाकून बोलणं, याला शिस्त म्हणत नाहीत. याच कायद्यानुसार, मूल दुसऱ्या शाळेत जाणार असेल तर दाखला लगेच द्यावा लागतो आणि तो अडवून ठेवणारा मुख्याध्यापक कारवाईला पात्र ठरतो.

एखादा नियम जाचक वाटला तर गेटवर भांडून उपयोग नसतो. राज्याच्या २०११च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे खासगी शाळेत शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन व्हायला हवा, आणि त्या शाळेतला प्रत्येक पालक त्याचा सभासद असतो. त्या पहिल्या सभेला जा. आमच्याकडे सभेला मोजक्याच आया येतात, बाबा मंडळी तर अपवादानेच. रिबिनीच्या रंगापासून फीपर्यंत सगळं तिथे विचारता येतं आणि विचारलेलं इतिवृत्तात येतं. शिकण्याची अडचण असलेल्या मुलांच्या पालकांना तर माझं हात जोडून सांगणं आहे. परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक मिळायला मान्यताप्राप्त रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं, तिथल्या तपासण्या एका फेरीत होत नाहीत. शाळेने सुचवायची वाट पाहू नका, जूनमध्येच विचारा.

आणखी एक, अगदी थोडक्यात. मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख आणि जन्मस्थळ शाळेच्या जनरल रजिस्टरला कसं लिहिलंय ते एकदा समक्ष बघून या. मूल शाळेत आहे तोवर दुरुस्ती सोपी असते. शाळा सोडल्यावर त्याच दुरुस्तीसाठी शिक्षण खात्याच्या पायऱ्या चढाव्या लागतात, आणि पुढे पासपोर्टपर्यंत सगळीकडे ती एक वेलांटी आडवी येते. बोर्डाच्या अर्जानंतर तपासायला प्री-लिस्ट मिळते, तिच्यावर मुलाकडून सही करून घेण्याआधी ती घरी नीट वाचली जाईल असं पाहा.

शेवटचं मागणं शिक्षकांकडे आहे, आणि ते तक्रार म्हणून नाही. तुमच्यावर ऑनलाइन माहित्या भरण्याचं, सर्वेक्षणांचं, निवडणुकीच्या कामांचं किती ओझं असतं ते आम्ही पाहतो. तरी कागद मागायचा असेल तर तो पालकांकडे मागा, चिठ्ठी पाठवा, फोन करा. मुलाला वर्गात उभं करू नका. आणि ज्याची हजेरी कमी पडते आहे त्याच्या घरी पहिलं सत्र संपताना, दिवाळीच्या सुट्टीआधी, लेखी कळवा. तेव्हा दुसरं सत्र अख्खं हातात असतं, डॉक्टरांचे कागद ताजे असतात आणि शिफारस पाठवायला मुख्याध्यापकांनाही सवड असते.