सेंट लुशियाची ज्युलियन

नकाशावर सेंट लुशिया शोधायचं तर कॅरिबियन समुद्रात मार्टिनिकच्या जरा खाली बघावं लागतं. क्षेत्रफळ सुमारे 617 चौरस किलोमीटर, म्हणजे आपली मुंबई उपनगरांसकट जेवढी आहे साधारण तेवढंच. वस्ती मात्र जेमतेम 1 लाख 80 हजार. एवढ्याशा बेटाने दोन नोबेल विजेते दिले, 1979 साली अर्थशास्त्रात आर्थर लुईस आणि 1992 साली साहित्यात डेरेक वॉलकॉट. ऑलिंपिक पदक मात्र एकही नव्हतं. 1996 पासून त्यांचा संघ जात होता आणि रिकाम्या हाताने परत येत होता.

3 ऑगस्ट 2024 च्या संध्याकाळी पॅरिसच्या ओल्या ट्रॅकवर ज्युलियन आल्फ्रेड या 23 वर्षांच्या मुलीने 100 मीटर 10.72 सेकंदांत पार केले आणि देशाचं पहिलं पदक थेट सुवर्णाचं आणलं. (गंमत म्हणजे शेजारच्या डॉमिनिका बेटालाही त्याच संध्याकाळी पहिलं पदक मिळालं, तिहेरी उडीत, तेही सुवर्णच!)

आम्ही सॉफ्टवेअरवाले मिलिसेकंदांचा हिशोब करण्यात आयुष्य घालवतो, म्हणून थोडं आकड्यांकडे बघू. दुसरी आलेली अमेरिकेची शाकॅरी रिचर्डसन 10.87. फरक 0.15 सेकंदाचा. डोळ्याची पापणी लवायलाही साधारण एवढाच वेळ लागतो. पण शेवटच्या टप्प्यात या मुली सेकंदाला जवळपास 10 मीटर धावतात, म्हणजे अंतर झालं दीड मीटर! ऑलिंपिकमध्ये महिलांच्या या शर्यतीत 2008 नंतर एवढ्या फरकाने कुणी जिंकलं नव्हतं.

आल्फ्रेडची खरी ताकद सुरुवातीच्या टप्प्यात. त्याच वर्षी मार्चमध्ये ग्लासगोला तिने 60 मीटरची जागतिक इनडोअर शर्यत 6.98 सेकंदांत जिंकली होती. पण सुरुवातीचीही एक मेख असते. पिस्तुलाचा आवाज झाल्यापासून 0.1 सेकंदाच्या आत ब्लॉकवर जोर पडला तर ती चूक धरतात, कारण इतक्या लवकर माणूस ऐकून हलूच शकत नाही, त्याने अंदाजाने उडी मारली असं मानतात. 2022 च्या जागतिक स्पर्धेत उपांत्य फेरीत चुकीच्या सुरुवातीमुळे ती बाद झाली. वर्षभराची मेहनत, आणि शर्यत सुरू होण्याआधीच खेळ खलास. पण पुढच्याच महिन्यात बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने रौप्य मिळवलं. आमच्या मते पॅरिसच्या सुवर्णाइतकंच हे रौप्य महत्त्वाचं आहे.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. राजधानी कॅस्ट्रीजजवळच्या सिसेरॉन वस्तीत ती वाढली. शाळेत मुलग्यांना मागे टाकणारी ही पोर शिक्षकांच्या नजरेत भरली. 12 वर्षांची असताना वडील वारले आणि तिने धावणंच सोडून दिलं. तिथल्या एका प्रशिक्षकाने समजूत काढून तिला परत मैदानावर आणलं. पुढे 14 व्या वर्षी ती एकटी जमैकाला शिकायला गेली. आपण बहुतेक जण बावीस-तेविसाव्या वर्षी, हातात डिग्री आणि बॅगेत आईच्या हातचं लोणचं घेऊन परदेशी आलो, तरी पहिले सहा महिने कसे गेले ते ज्याचं त्याला ठाऊक. इथे तर 14 वर्षांचं पोर! जमैकानंतर टेक्सास विद्यापीठ, आणि तिथे एड्रिक फ्लोरेआल हे प्रशिक्षक.

जिंकल्यानंतर पत्रकारांशी बोलताना तिने लहानपणी अनवाणी, शाळेच्या गणवेशात धावल्याची आठवण सांगितली, आणि या पदकामुळे देशात नवं स्टेडियम व्हावं अशी आशा बोलून दाखवली. त्यामागेही एक कहाणी आहे. 2009 साली सेंट जूड हॉस्पिटलला आग लागली आणि रुग्णांना व्यू फोर्टच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये हलवावं लागलं. तात्पुरती सोय म्हणून झालेलं हे स्थलांतर दहा वर्षांहून जास्त काळ चाललं. लहान देशाची अडचण अशी असते बघा. आजारी माणसांना बाहेर काढा असं कोण म्हणेल? पण तोवर एक अख्खी पिढी मैदानावाचून मोठी होते.

अशी पुस्तिका हातात आली की आपण देणगीदार हमखास विचारतो, पैसा नेमका कुठे लागेल? आल्फ्रेडच्या बाबतीत बघा. सुवर्ण मिळाल्यावर मानसन्मान आले, तिच्या नावाने देशात दिवस साजरा झाला. ते व्हायलाच हवं. पण 12 व्या वर्षी, वडील गेल्यावर, तिला लागली ती घरी येऊन विचारपूस करणारी एक व्यक्ती. आणि 14 व्या वर्षी शाळेची फी आणि राहायची जागा. मोठी रक्कम नव्हे, पण वेळेवर मिळायला हवी. जिंकलेल्याच्या मागे धावणारे पुष्कळ असतात. आमचं स्पष्ट मत आहे की देणगी त्या आधीच्या टप्प्यावर जावी.

पॅरिसमध्येच तिने 200 मीटरचं रौप्यही घेतलं, 22.08 सेकंदांत. जुलै 2025 मध्ये लंडनला तेच अंतर 21.71 मध्ये धावली. सप्टेंबरात टोकियोच्या जागतिक स्पर्धेत 100 मीटरला 10.84 सेकंदांत कांस्य मिळालं. मांडीचा स्नायू दुखावल्यामुळे 200 मीटरमधून मात्र तिला माघार घ्यावी लागली. तेव्हा तिचं वय होतं 24.