पाली शिकताना

आपल्या विहारात दर रविवारी त्रिसरण-पंचशील होते. बहुतेकांना ते मुखोद्गत आहे. पण 'समादियामि' म्हणजे काय, असे माझ्या लहान मुलीने एकदा विचारले आणि मी पदवीधर असूनही निरुत्तर झालो. पंचवीस वर्षे तो शब्द उच्चारत होतो! तेव्हापासून पाली शिकू लागलो.

'वेरमणी' म्हणजे विरत राहणे, 'सिक्खापदं' म्हणजे शिकण्याचा नियम आणि 'समादियामि' म्हणजे मी ग्रहण करतो. क्रियापद प्रथमपुरुषी आहे. म्हणजे शील ही कोणी वरून दिलेली आज्ञा नव्हे, तो आपणच केलेला निश्चय आहे. हे मला व्याकरणाने कळले. त्यानंतर वंदना म्हणताना माझा आवाजच बदलला.

मराठी माणसाला पाली परकी वाटू नये. हत्थ-हात, कण्ण-कान, दुद्ध-दूध, सत्त-सात, अट्ठ-आठ. निम्मी ओळख घरातच आहे. विभक्ती मात्र पाठ कराव्याच लागतात, त्याला इलाज नाही.

प. पू. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारले गेले, म्हणून फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी संस्कृतचा अभ्यास स्वतः केला आणि पालीचा शब्दकोशही सिद्ध केला. महाराष्ट्र शासनाने तो १९९८ मध्ये त्यांच्या ग्रंथमालेच्या सोळाव्या खंडात छापला. गोव्याचे धर्मानंद कोसंबी तर १९०२ साली पालीसाठी सिंहलद्वीपाला गेले होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला.

परवा मुलीने 'सिक्खापदं'चे अनेकवचन विचारले. 'सिक्खापदानि', मी वही पाहून सांगितले.