तळाशी राहणाऱ्या माशांकरिता वाळू व आसरा

जमिनीचा पोत पाहिल्यावाचून बी पेरणारा शेतकरी विरळा. परंतु हौसेने काचेच्या टाकीत मासे ठेवणारे कित्येक गृहस्थ मासा आधी आणतात आणि त्याच्या खालच्या जमिनीचा विचार मागाहून करतात. पाण्याच्या वरच्या थरात हिंडणाऱ्या माशास हे कसेबसे चालून जाते. ज्याचे सारे आयुष्य तळाशी जाते त्यास ते मुळीच मानवत नाही. अशांपैकी आपल्याच मुलखातील एक, पट्टेदार लोच, आम्ही येथे उदाहरणादाखल घेत आहोत.

याचे शास्त्रीय नाव बोटिया स्ट्रायाटा. नारायण राव यांनी १९२० साली या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. सह्याद्रीतून पूर्वेकडे उतरणाऱ्या कृष्णेच्या खोऱ्यातील नद्यांत, महाराष्ट्रात व कर्नाटकात, तो आढळतो. लांबी सात-आठ सेंटीमीटर, अंगावर गर्द व पिवळसर आडवे पट्टे, तोंडाशी आखूड मिशा. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत तो संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. सबब, ज्याची तळ तयार करण्याची तयारी नाही त्याने हा मासा आणूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मिशा हेच त्याचे चाचपण्याचे व चव घेण्याचे साधन. त्या झिजल्या म्हणजे मासा अन्न शोधण्यास पंगू होतो व जखमेत रोग शिरतो. धारदार खडीने त्या झिजतात हे खरे. पण आमच्या मते खडीहून घाण अधिक घातक. जाड खडीच्या फटींत खाद्य उतरते, माशाच्या तोंडास ते पोहोचत नाही व तेथेच कुजते. म्हणून नदीची गोल कणांची बारीक वाळू घ्यावी. कण एक मिलिमीटरच्या आतले असावेत. दगड फोडून केलेली यंत्रावरची वाळू बांधकामास कितीही चांगली असली तरी तिचे कण टोकदार असतात. ती येथे नको. काळी माती तर नकोच. पाणी गढूळ करण्यापलीकडे तिचा उपयोग नाही.

वाळूचा थर तीन-चार सेंटीमीटरचा पुरे. नव्वद सेंटीमीटर लांब व तीस रुंद टाकीत चार सेंटीमीटरच्या थरास सुमारे अकरा लिटर, म्हणजे सतरा-अठरा किलो वाळू लागते. निवळ पाणी येईपर्यंत ती धुवावी. थर फार जाड झाल्यास खाली हवा पोहोचत नाही, वाळू काळी पडते व ढवळताच कुजलेल्या अंड्यांचा वास सुटतो. जुन्या तळ्यातील गाळ उपसणारांस हा वास ओळखीचा असेल. तो वायू माशांस विषारी असतो.

दगड पाहून घ्यावेत. आपला काळा पाषाण उत्तम. मात्र त्याच्या पोकळ्यांत कधी कधी पांढरे खनिज भरलेले असते, त्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाकून पाहावे. फेस आला तर त्यात चुना आहे; तो हळूहळू विरघळून पाणी जड करतो. शेतातील चुनखडीचे गोटे, शिंपले व संगमरवर याच कारणास्तव वर्ज्य. मोठे दगड आधी टाकीच्या तळावर पक्के बसवून मग भोवती वाळू पसरावी. वाळूवर ठेवलेल्या दगडाखाली मासे उकरतात, दगड कलंडतो आणि मासा चिरडतो किंवा काच फुटते.

आता आसऱ्याविषयी. कपारी पुष्कळ केल्या तर मासा दिसणारच नाही, अशी पुष्कळांची समजूत असते. प्रकार उलट आहे. लपावयास जागा जवळ आहे अशी खात्री असली म्हणजेच तो उघड्यावर येतो. आसरा नसला तर रंग फिका पडतो व अन्नावरची वासना जाते. हा मासा कळपाने राहतो, म्हणून पाच-सहा तरी ठेवावेत आणि कपारी माशांच्या संख्येहून अधिक असाव्यात. अर्धी मातीची कुंडी, कौलाचे तुकडे, उकळून घेतलेली करवंटी हे सर्व चालते. कडा मात्र घासून बोथट कराव्यात. ज्या भांड्यात औषध किंवा खत कालवले असेल ते कितीही धुतलेले असले तरी वापरू नये. लाकूड घ्यावयाचे तर वाळलेले व कित्येक दिवस भिजविलेले. ओली फांदी कुजते. मासा जेमतेम शिरेल पण वळू शकणार नाही अशी आंधळी भोके बुजवावीत, कारण त्यांत तो अडकून मरतो.

दिवा मंद असावा व खाद्य सायंकाळी टाकावे. मासा धरण्याचा प्रसंग आल्यास जाळीऐवजी भांडे वापरावे. त्याच्या डोळ्याखाली उभा राहणारा काटा जाळीत गुंततो. कधी तो कुशीवर निपचित पडलेला आढळेल. घाई करून त्यास मेला म्हणून बाहेर काढू नये. या जातीची विसावा घेण्याची रीतच ती आहे. हात पाण्याशी नेताच तो सरळ होऊन कपारीत शिरतो.