दहावीनंतर कुठं?

दहावीचा निकाल लागला की राजगडाच्या पायथ्याशी, आमच्या गुंजवण्यात, घरोघरी एकच प्रश्न असतो: पोरांना आता कुठं घालायचं? मी इथूनच शिकायला बाहेर पडलो. आता जूनमध्ये गावातल्या मुलांचे अर्ज भरायला बसतो. त्यातून उमगत गेलेलं हे थोडं.

१. कॉलेज निवडणं म्हणजे रोजचा दिवस निवडणं. गावातून मार्गासनी, मग नसरापूर, तिथून भोर नाहीतर पुणे. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास मोफत आहे, ही मोठीच सोय. पण तासाच्या वेळेला गाडी हवी. म्हणून माहितीपत्रकाच्या आधी मी एसटीच्या वेळा विचारतो.

२. कट-ऑफवरून आत कोण आलं ते कळतं, आत काय शिकवतात ते नाही. १८८५चं फर्ग्युसन, १९१६चं स. प. ही नावं ऐकली की आजही मन भरून येतं. पण अर्ज भरताना मी विचारतो ते वेगळंच: वर्ग रोज भरतात का? प्रॅक्टिकल खरंच होतात का? शहरातल्या मुलाला क्लासचा आधार असतो. ज्याला ती फी परवडत नाही, त्याला कॉलेजातले सर हेच एकमेव सर.

३. पुण्यात शिकायचं तर आधी राहायचं कुठं ते ठरवावं. फीपेक्षा खोलीचं भाडं आणि मेस घराला जड जाते. खेड्यातल्या मुलांसाठी विद्यार्थी साहाय्यक समितीसारखी संस्था १९५५पासून पुण्यात वसतिगृहं चालवते. अशा जागी मुलाला छपराबरोबर आपल्यासारखेच सोबती मिळतात. परक्या शहरात टिकून राहायला त्यांचा किती आधार होतो, हे मला फार उशिरा दिसलं.

४. सायन्स ही एकच वाट नव्हे. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा केला, तर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. आयटीआयनंतर हातात काम येतं. ज्या घराला लवकर मिळकत हवी, तिथं हा विचार सगळ्यांत आधी करावा.

५. पसंतीक्रम शांतपणे लावावा. २०२५पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आणि दहा कॉलेजांची नावं देता येऊ लागली. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं, तर तिथंच प्रवेश घ्यावा लागतो. तेव्हा पहिलं नाव मैत्रिणीनं भरलं म्हणून नको. जिथं खरंच जाणार, तेच हवं.

६. जवळचं कॉलेज म्हणजे दुय्यम कॉलेज नव्हे. भोरला अनंतराव थोपटे महाविद्यालय आहे, म्हणून कितीतरी मुलींचं शिक्षण घर न सोडता पुढं गेलं. दूर पाठवायला कचरणाऱ्या आईबापांना मागासलेलं म्हणणं सोपं असतं. मी त्यांच्याजवळ बसून ऐकायला लागलो, तेव्हा त्यांची काळजी रास्त वाटली.

७. शेवटी मोजायचं ते एवढंच: पोरगं तिथं पुरी वर्षं टिकेल का? नाव मोठं असो की लहान, जे कॉलेज त्याला शेवटच्या परीक्षेपर्यंत नेईल, तेच त्याच्यासाठी चांगलं.