ट्रॅक्टर-ट्रॉली रस्त्यावर नेताना : वाहन ओळखा, अपघात टाळा



दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले की धाराशिव जिल्ह्यातील रस्त्यांचे रूप पालटते. कळंब, वाशी, भूम, परंडा भागातून उसाने भरलेल्या ट्रॉल्या आणि टायरच्या बैलगाड्या रात्रंदिवस कारखान्याकडे निघतात. याच दिवसांत सोयाबीनची पोती आडतीवर जात असतात. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव-येडशी-बीड हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ आणि सोलापूर-नळदुर्ग-उमरगा-हैदराबाद हा क्रमांक ६५, या दोन्ही मार्गांवर शेतमालाच्या वाहनांच्या जोडीला भरधाव मोटारी, ट्रक आणि एस. टी. गाड्या धावतात. पिकाची वर्षभर निगा राखायची आणि कारखान्याच्या वाटेवर घरचा कर्ता माणूस गमवायचा, असे होऊ नये यासाठी आपल्या वाहनाचा स्वभाव आणि आपल्या सवयी या दोन्हींचा नीट विचार करणे गरजेचे आहे.

भारतात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत सुमारे १ लाख ६८ हजार माणसे मरण पावली. त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होती. बहुसंख्य मृत्यूंच्या नोंदीत अतिवेग हेच कारण लिहिलेले आढळते.

वेगातील फरक हेच मूळ

भरलेल्या ट्रॉलीचा ट्रॅक्टर ताशी २५ किलोमीटरच्या आसपास चालतो. बैलगाडीचा वेग ताशी ४-५ किलोमीटर असतो. मागून येणारी मोटार मात्र ताशी ८० किलोमीटरने किंवा त्याहून अधिक वेगाने येते. धोका या फरकात आहे. समोर काही दिसल्यावर ब्रेकवर पाय जाईपर्यंत साधारण दीड सेकंद जातो आणि त्यानंतरही वाहन काही अंतर पुढे सरकतेच. कोरड्या डांबरी रस्त्यावर चांगल्या स्थितीतील मोटार थांबण्यास लागणारे एकूण अंतर अंदाजे असे असते :

ताशी ४० कि. मी. वेग : २८ मीटर
ताशी ६० कि. मी. वेग : ५० मीटर
ताशी ८० कि. मी. वेग : ७८ मीटर

आता रात्रीचा विचार करा. दिव्याचा झोत खाली असताना चालकाला साधारण ४० ते ५० मीटरपर्यंतचेच स्पष्ट दिसते. म्हणजे रस्त्यात बिनदिव्याची ट्रॉली उभी असेल, तर ताशी ८० किलोमीटरने येणाऱ्या चालकाला ती दिसते तेव्हाच वेळ निघून गेलेली असते. तो कितीही कुशल असला तरी धडक टळत नाही. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो, हेही ध्यानात ठेवावे. म्हणून मंद वाहनाच्या मालकाने दिसण्याची व्यवस्था करणे आणि वेगवान वाहनाच्या चालकाने दिव्याच्या टप्प्यात थांबता येईल इतकाच वेग ठेवणे, ही दोघांची सारखीच जबाबदारी आहे.

ट्रॅक्टर-ट्रॉली

ट्रॅक्टर हे मुळात शेतात काम करण्यासाठी बनविलेले यंत्र आहे. त्याचे स्वतःचे वजन सुमारे दोन टन असते, तर दोन ट्रॉल्यांमधील ऊस बहुधा १५ टनांच्या पुढे जातो. ट्रॉलीला स्वतंत्र ब्रेक नसतील तर हे सारे ओझे एकट्या ट्रॅक्टरच्या ब्रेकवर येते. उतारावर ट्रॉली ट्रॅक्टरला पुढे ढकलते आणि आडवी फिरून त्याला उलथवते. चढावर याउलट घडते. मागच्या ओझ्याने पुढची चाके उचलली जातात, स्टेअरिंगचा ताबा सुटतो आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. हे सारे एक-दोन सेकंदांत घडते, त्यामुळे चालकाला उडी मारण्याचीही संधी मिळत नाही. तेव्हा खालील काळजी घ्यावी.

१) रस्त्यावर येण्यापूर्वी डाव्या व उजव्या ब्रेकचे पॅडल कडीने एकत्र जोडावेत. शेतात वळण घेताना ते वेगळे ठेवतो, पण रस्त्यावर एकच ब्रेक दाबला गेला तर ट्रॅक्टर जागीच फिरतो.

२) ट्रॉली ठरवून दिलेल्या खालच्या हुकालाच जोडावी. जोड वर घेतल्यास पुढची चाके लवकर उचलली जातात. पिनला खीळ घालावी व जोडीला साखळी लावावी.

३) घाटात किंवा उतारावर गाडी न्यूट्रल करू नये. उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा.

४) मोळ्या साटीच्या बाहेर व फार उंच रचू नयेत. उंच भराने वळणावर तोल जातो आणि बाजूला आलेल्या उसाने शेजारून जाणारा दुचाकीस्वार ओढला जातो.

५) मडगार्डवर, जोडदांडीवर किंवा उसावर माणसे बसवू नयेत. ऊसतोड मजूर व त्यांची लेकरे ट्रॉलीतून नेण्याची सवय मोडलीच पाहिजे. अशा वेळी अपघात झाल्यास विम्याची भरपाईही नाकारली जाऊ शकते.

दिसणे हेच संरक्षण

ट्रॉलीच्या मागील बाजूस पूर्ण रुंदीभर लाल, दोन्ही बाजूंना पिवळी आणि पुढे पांढरी परावर्तक पट्टी लावावी. बाजारात तिला रेडियम पट्टी म्हणतात. दोन ट्रॉल्या असतील तर दोन्हींना लावावी, कारण रस्ता ओलांडताना मागची ट्रॉली आडवी असते आणि ती दिसत नाही. हंगामात चिखलाने व पाचटाने पट्टी झाकते, म्हणून प्रत्येक खेपेआधी ती फडक्याने पुसावी. मागे लोंबणारे वाढे कापून टाकावे, नाहीतर दिवा असूनही तो दिसत नाही. बैलगाडीच्या मागच्या बाजूस व जुवावर पट्टी लावावी. बैलांच्या शिंगांना पट्टी लावली तर समोरून येणाऱ्या वाहनालाही जोडी लांबून दिसते. ट्रॅक्टरवर मोठ्या आवाजात गाणी लावल्यास मागच्या वाहनाचा हॉर्न ऐकू येत नाही, हा दोष चालकाचाच समजावा.

वाहन बंद पडले तर ते डांबरी रस्त्याच्या खाली घ्यावे. ते शक्य नसेल तर चाकांना उटी लावावी आणि मागे किमान ५० मीटरवर परावर्तक त्रिकोण ठेवावा. भोवती दगड मांडण्याची रीत आहे, पण वाहन निघून गेल्यावर ते दगड तसेच राहतात आणि रात्री एखाद्या मोटारसायकलस्वाराचा बळी घेतात. त्याचप्रमाणे मळणी करण्यासाठी किंवा रास वाळविण्यासाठी रस्त्याचा खळ्यासारखा वापर करू नये.

मोटारसायकल

खेडोपाडी मोटारसायकल हे आता घरचे वाहन झाले आहे. तिच्यावर चालकाला कोणतेच कवच नसते, म्हणून डोक्यावरील हेल्मेट हेच त्याचे कवच. २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेली ५० हजारांहून अधिक माणसे अपघातांत मरण पावली. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळलेला असावा. नुसते डोक्यावर ठेवलेले हेल्मेट पहिल्याच धक्क्यात उडून जाते. कायद्याने ते मागे बसणाऱ्यालाही बंधनकारक आहे.

दुसरी चूक ट्रॉलीला ओलांडताना होते. ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्यांची लांबी १५ मीटरहून अधिक भरते. आपण ताशी ५० किलोमीटरने व ट्रॅक्टर २५ ने जात असेल, तर पुढे निघण्यास सुमारे ६ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात आपण ८० मीटर पुढे जातो आणि समोरून ८० किलोमीटरने येणारी मोटार १३० मीटर जवळ येते. म्हणजे समोर सव्वादोनशे मीटर रस्ता मोकळा दिसत असेल तरच ओलांडावे. वळणावर, पुलावर किंवा चढाच्या टोकावर ट्रॉलीमागे थांबणेच शहाणपणाचे.

मोटार व जीप

आपल्या मराठवाड्याचे नेते आणि त्या वेळचे केंद्रीय ग्रामविकास मंत्री गोपीनाथ मुंडे यांचे ३ जून २०१४ रोजी दिल्लीत मोटार अपघातात निधन झाले. ते मागील आसनावर बसले होते. पट्टा लावलेला असता तर त्यांचे प्राण वाचले असते, असे तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी सांगितले होते. पुढे ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचाही मागील आसनावर, पट्टा न लावलेल्या स्थितीत अंत झाला. लग्नाला किंवा तुळजापूरला निघालेल्या जीपमध्ये आपण दाटीवाटीने बसतो, तेव्हा या घटना आठवाव्यात. पट्टे जितके, तितकीच माणसे बसवावीत. आश्विन पौर्णिमेच्या सुमारास सोलापूरकडून भाविक मोठ्या संख्येने तुळजापूरला पायी येतात. त्या रात्री या मार्गावर वेग निम्मा करावा.

चालक

वाहन कितीही चांगले असले तरी त्याचा शेवटचा ब्रेक चालकाच्या डोक्यात असतो. कारखान्याच्या आवारात नंबर लागेपर्यंत चालक रात्रभर जागतो आणि गाडी खाली होताच पुढच्या खेपेला निघतो. मालकाने खेपा मोजताना चालकाची झोपही मोजावी. डुलकी येऊ लागली तर चहा-तंबाखूवर भागवू नये. गाडी बाजूला घेऊन झोप काढावी. दारू पिऊन स्टेअरिंग हाती घेऊ नये व कोणाला घेऊ देऊ नये. अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल दिल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकास किंवा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

अपघात झालाच तर

१०८ वर रुग्णवाहिकेसाठी किंवा ११२ वर फोन करावा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा क्रमांक आहे. मदत करणाऱ्याला पोलीस त्रास देतील ही भीती सोडावी. जखमीला प्रामाणिकपणे मदत करणाऱ्यास कायद्याने संरक्षण दिले आहे. २०२५ पासून नियुक्त रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोख पैसे न भरता उपचारांची केंद्राची योजना आहे. शेतकरी कुटुंबासाठी गोपीनाथ मुंडे यांच्याच नावाने राज्याची अपघात सानुग्रह अनुदान योजना असून मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये मिळतात. त्यासाठी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे विनाविलंब अर्ज करावा. मात्र नशेत झालेल्या अपघाताला हे अनुदान मिळत नाही, आणि वाहन चालविणाऱ्याकडे परवाना असणे आवश्यक आहे.

दोन लाखांनी संसाराची घडी पुन्हा बसत नाही. परावर्तक पट्टीला काही शे रुपयेच लागतात, आणि वाढे कापायला विळाच पुरतो. या हंगामात पहिली मोळी गाडीत टाकण्यापूर्वी ट्रॉलीच्या मागे उभे राहून एकदा पाहावे : अंधारात ही गाडी मला दिसली असती का? उत्तर ‘नाही’ असेल तर ती गाडी रस्त्यावर काढू नये.