दार उघडत नसेल तेव्हा : संगणकीय प्रवेशातील अडचणी व उपाय

शिष्यवृत्तीचा अर्ज आता कागदावर राहिलेला नाही. महाराष्ट्र शासनाचे 'महाडीबीटी' हे संकेतस्थळ २०१७ साली सुरू झाले. पहिल्याच वर्षी ते इतके अडखळले की अर्ज पुन्हा कागदावर घ्यावे लागले. पुढे मात्र हेच एक दार उरले. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासूनची आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. इतक्या कष्टाने मिळालेला हक्क पासवर्ड विसरल्यामुळे किंवा मोबाइल क्रमांक बदलल्यामुळे हातचा जाऊ नये, एवढ्याचसाठी हा लेखप्रपंच.

सुट्टीच्या दिवशी आम्ही मुलांचे अर्ज भरून देण्यास बसतो. जामखेड, पाथर्डी, अकोले अशा दूरच्या तालुक्यांतून मुले नगरला येतात आणि सर्वांचे वाक्य एकच असते, "साइट बंद आहे." प्रत्यक्षात साइट प्रत्येक वेळी बंद नसते. दोष पाच ठिकाणांपैकी एका ठिकाणी असतो. तो क्रमाने शोधावा.

१) जोडणी : प्रथम दुसरे एखादे संकेतस्थळ उघडून पाहावे. तेही उघडत नसेल तर दोष आपल्या इंटरनेटचा आहे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर किंवा दुसऱ्या कंपनीच्या सिमवर प्रयत्न करावा.

२) यंत्र : 'तुमचे कनेक्शन खाजगी नाही' असा इशारा आला तर आधी संगणकाची तारीख व वेळ पाहावी. जुन्या संगणकातील नाण्याएवढा सेल संपला की तारीख कित्येक वर्षे मागे जाते आणि संकेतस्थळाचे प्रमाणपत्र खोटे ठरते. तारीख दुरुस्त केली की पान उघडते. तारीख बरोबर असूनही इशारा येत असेल तर पत्ता एकेक अक्षर तपासावा. इशारा ओलांडून पुढे जाऊ नये; खोट्या पानावर पासवर्ड दिला तर तो चोराच्या हाती जातो.

३) ब्राउझर : पान अर्धवट दिसते, बटण दाबले जात नाही, आत जाताच पुन्हा बाहेर फेकले जाते, ही जुन्या साठवणीची लक्षणे होत. खाजगी म्हणजे इन्कॉग्निटो खिडकीत पान उघडावे. तेथे चालले तर ब्राउझरमधील साठवलेली माहिती पुसावी, अन्यथा दुसरा ब्राउझर वापरावा.

४) किल्ली : यूजर आयडी, पासवर्ड आणि ओटीपी मिळून किल्ली होते. कॅप्स लॉक पाहावे. पासवर्ड चुकत असेल तर अंदाजाने पुन्हा पुन्हा टाकू नये, खाते काही काळ बंद होऊ शकते. 'पासवर्ड विसरलात' हा मार्ग घ्यावा. आधारचा ओटीपी आधारला जोडलेल्या क्रमांकावरच येतो. तो क्रमांक बंद झाला असेल तर आधार केंद्रावर जाऊन नवा जोडून घ्यावा. हे काम शेवटच्या आठवड्यावर ठेवू नये.

५) पलीकडचा सर्व्हर : पानावर ५००, ५०२, ५०३ किंवा ५०४ असा आकडा आला तर दोष पलीकडे आहे. बटण पुन्हा पुन्हा दाबून उपयोग नाही. पहाटे किंवा रात्री उशिरा प्रयत्न करावा. ४०४ म्हणजे त्या पत्त्यावर पान नाही. ४०३ म्हणजे पान आहे, पण आपणांस मनाई आहे.

हाच क्रम मोठ्या कामासही लागू पडतो. क्लाऊड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीत भाड्याने घेतलेले संगणक. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यात व ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत अशी सोय सुरू केली. ते संगणक चालविण्याचे पान ब्राउझरमध्येच उघडते. त्यास कन्सोल म्हणतात. आपली जी मुले या नोकरीत जातील त्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आत जाऊनही आपला सर्व्हर दिसला नाही तर घाबरू नये; पुष्कळदा मुंबईऐवजी दुसराच प्रदेश निवडलेला असतो. आणि 'परवानगी नाही' असे आले तर पासवर्ड बदलत बसू नये. प्रवेश मिळणे व अधिकार मिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अधिकार व्यवस्थापकाकडून मागून घ्यावे लागतात.

आता आम्ही पाहिलेली एक गोष्ट. नर्सिंग शिकणाऱ्या एका मुलीचा अर्ज पहिल्या वर्षी एका नेटकॅफेवाल्याने भरला. खात्यात मोबाइल क्रमांक त्याने स्वतःचाच टाकला, आयडी व पासवर्डही त्याच्याच वहीत राहिला. दुसऱ्या वर्षी ती गेली तेव्हा दुकान बंद होते. मुदतीला थोडेच दिवस उरले होते. आधारला तिच्या वडिलांचा क्रमांक जोडलेला होता, म्हणून आधारच्या वाटेने आत जाता आले आणि अर्ज गेला. तो क्रमांकही बंद असता तर वर्षाची फी त्या शेतमजूर घरावर पडली असती.

म्हणून आमचे सांगणे असे की, अर्ज कोणाकडूनही भरून घ्या, पण किल्ली आपलीच ठेवा. क्रमांक आपला किंवा घरातला द्या. आयडी घरच्या वहीत लिहा. पासवर्ड व ओटीपी कोणास सांगू नका. दुसऱ्याच्या संगणकावरून उठताना 'लॉगआउट' करा. बँक खाते आधारशी संलग्न असल्याची खात्री बँकेत करून घ्या. अर्ज मंजूर होऊनही पैसे येथे अडकतात.

एवढे करूनही दार उघडले नाही तर पडद्याचे चित्र तारीख-वेळेसह काढून ठेवा आणि लेखी तक्रार महाविद्यालयात व समाजकल्याण सहाय्यक आयुक्तांच्या कार्यालयात देऊन पोच घ्या. "साइट बंद होती" हे तोंडी सांगणे विरून जाते. पोच असलेला कागद उभा राहतो.

ज्या मुलास हे पाच टप्पे समजले, त्याने आपल्या वस्तीतील आणखी एकास ते शिकवावेत.